वळणावरचा खांब सरळ दिसला पाहिजे

बाळा, जर्मनीत एश्बॉर्नला तुमच्याकडे आलो तेव्हा तुझ्या गेममधली मोटार वळणावर गेली की विजेचा खांब मधोमध चिरलेला दिसायचा. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. हे दुखणं मला ओळखीचं वाटलं. साताऱ्याकडच्या जत्रांत तंबूतल्या सिनेमाचं मशीन मी चालवलंय. सेकंदाला 24 चित्रं, शटर प्रत्येक चित्र दोनदा दाखवणार, म्हणजे पडद्यावर 48 वेळा उजेड. फिल्म सरकण्याची आणि शटर मिटण्याची वेळ चुकली, की पांढऱ्या अक्षरांना शेपट्या फुटायच्या. तेव्हा उजेड वाढवून भागत नसे, वेळच जुळवावी लागे. तुलाही तेच करायचंय.

आधी मॉनिटर खरोखर किती हर्ट्‌झवर चालतोय ते बघ. पडदा 144 चा घेतात आणि विंडोजमध्ये आकडा 60 वरच राहून जातो. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन तो स्वतः बदल. केबल ग्राफिक्स कार्डाला लाव, मदरबोर्डाला नको.

आता व्ही-सिंक, म्हणजे चित्र पडद्याच्या वेळेला बांधणारं सेटिंग, समजून घे. 60 हर्ट्‌झचा पडदा म्हणजे तुमची एस-बान लोकल: दर 16.7 मिलिसेकंदाला गाडी सुटणार म्हणजे सुटणार. कार्डाला चित्र काढायला 17 लागले की गाडी चुकली. ते चित्र 33.3 व्या मिलिसेकंदाच्या गाडीनं येतं आणि तुला खेळ अडखळल्यासारखा वाटतो. व्ही-सिंक बंद केलंस, तर चित्र चालत्या गाडीत उडी मारतं. तुझा खांब चिरला तो त्यामुळे.

यावर उपाय आपल्या वडापच्या जीपचा. प्रवासी भरले की गाडी हलते. 2013 साली एनव्हिडियानं जी-सिंक आणलं, 2015 मध्ये एएमडीच्या फ्रीसिंकचे मॉनिटर बाजारात आले. दोन्हींत चित्र तयार झालं की मगच पडदा ते दाखवतो. बऱ्याच मॉनिटरांत ही सोय मॉनिटरच्या मेनूत आणि कार्डाच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे चालू करावी लागते. एकीकडे राहिली तर उपयोग शून्य.

वडापलाही हद्द असते. तुझ्या मॉनिटरची हद्द 48 ते 144 असेल, तर गेमला 141 फ्रेमची मर्यादा घाल. तीन कमी ठेवल्यानं चित्र वरच्या टोकाला आपटत नाही. खाली 48 च्या आत जायला लागलं, तर आधी सावल्या आणि प्रतिबिंबांची सेटिंग उतरव.

मित्राकडे जी-सिंक किंवा फ्रीसिंक नसलेला मॉनिटर असेल, तर त्याला भागाकार शिकव. 60 हर्ट्‌झवर 60 किंवा 30 फ्रेम, 120 वर 60 किंवा 40, 144 वर 72 किंवा 48. नि:शेष भाग गेला की प्रत्येक चित्र सारख्याच वेळा दिसतं. 60 वर 45 ठेवलं, तर एखादं चित्र दोनदा, एखादं एकदाच, आणि डोळ्याला ते खुपतं.

मोठ्या आकड्यामागे धावू नकोस. कधी 90, कधी 50 असं हेलकावणाऱ्या खेळापेक्षा ठाम 60 चा खेळ हाताला आणि डोळ्याला कितीतरी बरा.

आज संध्याकाळी 141 ची मर्यादा लाव आणि त्याच वळणावर मोटार ने. खांब वरपासून खालपर्यंत एकसंध दिसला, की वेळ जुळली.