ख्रिस्ती मनुष्यानें जगाशीं कसें वागावें?

शास्त्रपाठ : योहान ३:१६, १ योहान २:१५-१७, याकोब १:२७.

मंडळीच्या पंचांची सभा भरली म्हणजे पुष्कळ ठिकाणीं एक गोष्ट ऐकूं येते. कोणी गांवांतील दारूच्या दुकानाचा, कोणी सावकाराच्या व्याजाचा, कोणी अल्पवयी मुलीच्या ठरलेल्या लग्नाचा प्रश्न काढितो; आणि लागलीच एखादे वडील म्हणतात, "हे जगाचे विषय आहेत. आपण प्रार्थना करावी व शुभवर्तमान सांगावें; जगाच्या भानगडींत पडूं नये." असें बोलणारा मनुष्य बहुधा भक्तिमान असतो, व त्याच्या बोलण्याला शास्त्राचा आधारही असतो. म्हणून त्याचें म्हणणें हंसण्यावारी न नेतां, ख्रिस्ती लोकांनीं या प्रश्नाचा आजवर कसकसा विचार केला तें या पाठांत पाहूं.

१. एक शब्द, दोन अर्थ

देवानें आपला पुत्र दिला तो जगावरील प्रीतीमुळें, असें योहानाचें शुभवर्तमान सांगतें. योहानाचें पहिलें पत्र मात्र जगावर प्रीति करण्याची मनाई करितें. मग देवानें जें केलें तें आम्हीं करूं नये काय? पत्रांतील पुढचें वचन वाचलें म्हणजे उलगडा होतो. तेथें जग म्हणजे देहाची वासना, डोळ्यांची हांव आणि संसाराचा ताठा. शुभवर्तमानांत जग म्हणजे माणसें. जगाची रीत टाकावयाची आहे. जगांतील माणूस टाकावयाचा नाहीं. गोष्ट साधी आहे, पण ती समजण्यास ख्रिस्ती लोकांना शतकेंच्या शतकें लागलीं.

२. अरण्य आणि शहर

तिसऱ्या शतकाच्या अखेरीस मिसर देशांत अंतोनी नांवाच्या तरुणानें उपासनेंत शुभवर्तमान ऐकून आपली जमीनजुमला देऊन टाकिली, आणि पुढें तो अरण्यांत जाऊन राहिला. त्याच्या मागून हजारों लोक गेले. त्यांचा त्याग खरा होता, आणि ऐषआरामांत मंडळी सुस्त होऊं लागली असतां त्यांनीं तिला जागें ठेविलें. परंतु यांतूनच संसारी मनुष्य हा दुय्यम प्रतीचा ख्रिस्ती होय अशी समजूत रूढ झाली. तरी त्याच संन्यस्त पंथांतील बासिल हा कैसरियाचा बिशप वेगळा निघाला. दुष्काळ पडला तेव्हां त्यानें धनवानांस धान्याचीं कोठारें उघडण्याची गळ घातली, आणि इ. स. ३७० च्या सुमारास शहराबाहेर आजारी, कुष्ठी व निराश्रित यांच्यासाठीं मोठें आश्रयस्थान उभारिलें.

१५२० सालीं मार्टिन ल्यूथरनें दुय्यमपणाची ती समजूत मोडिली. चांभार, लोहार व शेतकरी यांचें काम हीही देवानें नेमून दिलेली सेवा होय, असें त्यानें लिहिलें. पण १५२५ सालीं शेतकऱ्यांनीं बंड केलें, तेव्हां त्यानेंच त्यांच्याविरुद्ध अत्यंत कठोर शब्द लिहिले. शेतकऱ्याचें काम पवित्र ठरलें. त्याच्यावरील जुलमाचा प्रश्न मात्र मागेंच राहिला.

३. वर उपासना, खालीं बेड्या

जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी. १७४८ सालीं भर समुद्रांत तुफानांत सांपडला असतां त्यानें देवाचा धांवा केला, आणि तो दिवस पुढें जन्मभर आपल्या तारणाचा दिवस म्हणून पाळिला. यानंतर त्यानें काय केलें? १७५० पासून १७५४ पर्यंत तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान होता. रविवारीं तो खलाशांना जमवून उपासना चालवी. वर उपासना चाले, आणि खालीं जहाजाच्या पोटांत आफ्रिकेंतून विकत घेतलेले स्त्रीपुरुष बंदींत पडलेले असत. कित्येकांच्या पायांत बेड्या असत. न्यूटन ढोंगी नव्हता. त्याची प्रार्थना मनापासूनची होती. पण खालीं कोंडलेली माणसें हा त्याच्या लेखीं व्यापाराचा विषय होता, आणि व्यापार जगाचा. तो धंदा त्यानें सोडिला तोही प्रकृति बिघडल्यामुळें.

पुढें तो पाळक झाला. १७८५ सालीं विल्यम विल्बरफोर्स नांवाचा पार्लमेंटचा तरुण सभासद त्याला गुपचूप भेटावयास आला. नव्या विश्वासाच्या भरांत राजकारण सोडून द्यावें असें त्याच्या मनांत घोळत होतें. न्यूटननें त्याला पार्लमेंटांतच राहून देवाची सेवा करण्याचा सल्ला दिला. मग १७८८ सालीं, म्हणजे समुद्र सोडल्यावर ३४ वर्षांनीं, न्यूटननें गुलामांच्या व्यापारावर एक पुस्तक छापून आपला दोष उघडपणें कबूल केला, व डोळ्यांनीं पाहिलेली हकीकत जगापुढें मांडिली. पुढच्याच वर्षीं ओलौडा इक्वियानो या ख्रिस्ती मनुष्यानें आपलें चरित्र प्रसिद्ध केलें. त्यानें स्वतः गुलामगिरी भोगिली होती. जहाजाच्या पोटांतील मनुष्य आतां स्वतःच बोलूं लागला. क्वेकर लोक तर यांच्याही आधींपासून झटत होते.

१८०७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटानें हा व्यापार बंद केला, आणि १८३३ सालीं गुलामगिरी मोडण्याचा कायदा झाला. त्या कायद्यानें गुलामांच्या मालकांस २ कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांच्या हातीं एक पैही पडली नाहीं. आणि मालकांच्या बाजूनें शास्त्रवचनें काढणारे ख्रिस्ती लोकही थोडे नव्हते, हें आपण लपवूं नये.

४. आपल्या महाराष्ट्रांत

याच विल्बरफोर्सनें खटपट केल्यामुळें १८१३ च्या सनदेंत मिशनऱ्यांना हिंदुस्थानांत येण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षीं फेब्रुवारींत अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट मुंबईस उतरले होते. मिशननें मुलींसाठीं शाळा काढिल्या. अहमदनगर येथील सिंथिया फेरार बाईंची शाळा जोतीराव फुले यांनीं पाहिली, आणि त्यानंतर १८४८ सालीं पुण्यास मुलींची शाळा उघडिली.

तरी मिशनमध्येंही जुना वाद होताच. १८५४-५५ सालीं मिशनचे अमेरिकेंतील सेक्रेटरी रूफस अँडरसन इकडे आले. शुभवर्तमान सांगणें व देशी पाळकांच्या हातीं खेड्यांतील मंडळ्या सोंपविणें हेंच मुख्य कार्य, शाळा त्याला पूरक तेवढ्याच, असें त्यांचें मत. त्याप्रमाणें इंग्रजी शाळांना कात्री लागली. आमच्या मंडळ्यांनीं आपल्या पायांवर उभें राहावें हा त्यांचा आग्रह हिताचाच होता. परंतु १८७६-७८ चा आणि शतकाच्या अखेरचे दुष्काळ आले. दारांत उपाशी मूल बसलें असतां हा विषय आत्म्याचा कीं देहाचा, असें कोण विचारणार?

पंडिता रमाबाईंनीं तर ऐन तारुण्यांत दुष्काळापायीं आईबाप व बहीण गमाविलीं होतीं. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडिलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या, आणि तेथून त्यांनीं शेंकडों मुली आणून केडगांवास त्यांना आसरा दिला. मुक्तीमध्यें शेती होती, विणकाम होतें, छापखाना होता. आणि त्याच जागीं १९०५ सालीं मोठें आत्मिक संजीवन झालें. मुक्तीच्या स्त्रियांनीं खिळे जुळवून रमाबाईंनीं भाषांतर केलेलें पवित्र शास्त्र छापिलें. तें १९२४ सालीं, रमाबाईंच्या देहावसानानंतर दोन वर्षांनीं, संपूर्ण प्रसिद्ध झालें. हें काम जगाचें, तें देवाचें, अशी भिंत तेथें कोणाला सांपडली नसती.

५. दुसऱ्या बाजूचा मोह

मोह दुसऱ्या बाजूलाही आहे. वॉल्टर राउशेनबुश हा न्यूयॉर्कच्या एका गरीब वस्तींत पाळक होता. लहान मुलांच्या प्रेतक्रिया करितां करितां त्याचें हृदय विदीर्ण झालें. पाप एकट्या मनुष्याच्या मनांत राहतें तसें समाजाच्या रचनेंतही राहतें, असें त्यानें १९०७ सालीं पुस्तकांत मांडिलें. पुढें कित्येकांनीं सुधारणेच्या भरांत पश्चात्ताप व कृपा हे विषयच सोडिले. त्यांना भिऊन दुसऱ्यांनीं गरिबांची बाजू सोडिली. ही फाटाफूट कित्येक वर्षें चालली. १९७४ सालीं स्वित्झर्लंडांतील लोझान येथें सुमारें १५० देशांतील सुवार्तिक ख्रिस्ती जमले. त्यांच्या करारपत्राचा मसुदा करण्यांत जॉन स्टॉट प्रमुख होते. सुवार्ता सांगणें व समाजाच्या न्यायासाठीं झटणें हीं दोन्हीं ख्रिस्ती कर्तव्यें होत, आणि तीं परस्परविरोधी मानिलीं ही आपली चूक झाली, असें त्या पत्रांत कबूल केलें आहे.

६. आमच्या जहाजाच्या पोटांत कोण आहे?

बंधुभगिनींनो, न्यूटनला दोष देणें सोपें आहे. प्रभुभोजनाला आम्ही एका मेजाशीं येतों. परंतु सोयरीक जुळवितांना जुनी जात विचारीत नाहीं असें किती जण शपथेवर सांगतील? उपासनेंत पुढें बसणारा मनुष्य घरीं बायकोवर हात टाकितो, हें शेजारच्या चार घरांना ठाऊक असतें, पण सभेंत तो विषय निघत नाहीं. हीं आमच्या फळ्यांखालचीं माणसें. त्यांच्याविषयीं बोलणें म्हणजे जगाच्या भानगडींत पडणें असें आम्हांस वाटत असेल, तर न्यूटनलाही एके काळीं तसेंच वाटत होतें.

याकोबानें शुद्ध भक्तीचें वर्णन एकाच वचनांत केलें आहे. अनाथ व विधवा यांच्या संकटांत त्यांच्याकडे जावें, आणि स्वतःला जगाचा डाग लागूं देऊं नये. हीं दोन्हीं अंगें त्यानें एकत्र बांधिलीं आहेत. तीं आपण सोडवूं नयेत.

विचाराकरितां प्रश्न

१. "जग" या शब्दाचे कोणते दोन अर्थ या पाठांत आले आहेत?
२. न्यूटनची प्रार्थना खरी असतांही तीस वर्षांहून अधिक काळ तो गुलामांच्या व्यापाराविरुद्ध उघडपणें कां बोलला नाहीं?
३. मुक्तीच्या कार्यांत याकोब १:२७ मधील दोन्हीं अंगें कशीं दिसतात?
४. आपल्या मंडळींत कोणता विषय "जगाचा" म्हणून बाजूस ठेविला जातो? त्यामुळें कोणाचें दुःख झांकलें जातें?