गव्हाचा विकार आणि आनुवंशिकता

पोंभुर्णा परिसरात धान हे मुख्य पीक व भात हे मुख्य अन्न होय. तथापि पोळी, शेवया व बिस्किटे यांच्या रूपाने गहूही आता घरोघरी पोचला आहे. म्हणून गव्हामुळे काही व्यक्तींस होणाऱ्या सीलिअक रोगाची माहिती ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस असणे इष्ट आहे.

गहू व जव यांत ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन असते. काही व्यक्तींच्या शरीरातील रोगप्रतिकारक शक्ती या प्रथिनामुळे स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते व त्याचे अस्तर झिजते. मग खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. दीर्घकाळ जुलाब, पोटफुगी, रक्तक्षय व मुलांची खुंटलेली वाढ ही याची लक्षणे होत.

ही प्रवृत्ती आईबापांकडून येते. डीक्यू-२ अथवा डीक्यू-८ या प्रकारची जनुके नसल्यास हा रोग सहसा होत नाही. परंतु जनुक असणे म्हणजे रोग असणे नव्हे. करप्यास बळी पडणारे धानाचे वाण लावले, तरी बुरशी व अनुकूल हवामान यांवाचून करपा पडत नाही, तसेच हे आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पाहणीत ही जनुके उत्तरेत शेकडा ३८ व दक्षिणेत शेकडा ३६ लोकांत आढळली. या रोगाची प्रतिपिंडे मात्र उत्तरेत हजारी १२ व दक्षिणेत हजारी १ लोकांच्या रक्तात आढळली. उत्तरेकडील आहारात गव्हाचे प्रमाण कितीतरी अधिक होते.

या भागात परिचित असलेल्या सिकलसेलशी याची गल्लत करू नये. तेथे आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यास रोग होतोच. येथे जनुक केवळ शक्यता दर्शविते. सीलिअक रोग्याच्या आईवडिलांस, भावंडांस व मुलांस धोका अधिक असल्याने त्यांचीही तपासणी करावी. काहींना आतड्यास अशी इजा न होताही गव्हाचा त्रास होतो. त्यास ग्लुटेन-संवेदनशीलता म्हणतात. ती ओळखणारी जनुक-चाचणी नाही.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. संशय आल्यास रोग्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवावे. तपासणीपूर्वी गहू बंद करू नये. तसे केल्यास रक्तातील खुणा नाहीशा होऊन निदान चुकते.

२. निदान झाल्यावर गहू, रवा, मैदा व जव जन्मभर वर्ज्य करावेत. भात, ज्वारी, मका, नाचणी व डाळी खुशाल द्याव्यात.

३. गव्हापाठोपाठ त्याच चक्कीवर दळलेले ज्वारीचे पीठ रोग्यास देऊ नये. बाजारी हिंगातही गव्हाचे पीठ असू शकते.

निरोगी माणसाने गहू सोडण्याचे कारण नाही. रोग्याचे औषध मात्र पथ्य हेच होय, आणि त्यास लागणारे धान्य येथील शिवारातच पिकते.