चित्रीकरणातील खोट्या बंदुका

'खोटी बंदूक' हा शब्दप्रयोग मराठीत सर्रास केला जात असला, तरी त्यात तीन सर्वस्वी भिन्न वस्तूंचा अंतर्भाव होतो. पहिली लाकडाची किंवा रबराची प्रतिकृती होय. दुसरी धातूची, हुबेहूब दिसणारी, परंतु नळी बुजवून टाकलेली. तिसरी मात्र खरीच बंदूक असते. खोटे असते ते फक्त तिच्यातील काडतूस. अनुवादकाला या तिघींना एकच नाव देण्याचा मोह होतो, आणि चित्रीकरणाच्या जागीही हेच घडते. 'खोटी आहे, घाबरू नका' असे सांगणाऱ्याला तो यांपैकी कोणत्या बंदुकीविषयी बोलत आहे, असे सहसा कोणी विचारीत नाही.

काडतुसांतही असाच भेद आहे. बिनगोळीच्या काडतुसात दारू असते, गोळी नसते. केवळ दाखविण्याच्या काडतुसाला गोळी असते, दारू नसते. पहिले आवाज व ज्वाळा देते, परंतु त्याबरोबर तप्त वायू आणि दारू दाबून ठेवणारा बुचाचा तुकडाही नळीबाहेर वेगाने फेकला जातो. 12 ऑक्टोबर 1984 रोजी जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने चित्रीकरण रखडले असता थट्टेने असे शस्त्र आपल्याच कानशिलाला लावून चाप ओढला. गोळी नव्हती, तरी सहा दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

ब्रँडन ली याचा 1993 मधील मृत्यू अधिक बोधप्रद आहे. जवळून टिपायच्या दृश्यासाठी खऱ्या काडतुसांतील दारू काढून घेण्यात आली, मात्र बुडाची ठिणगी देणारी टोपी तशीच राहिली. तिच्या जोराने गोळी सुटून नळीतच अडकली. पुढे त्याच शस्त्रात बिनगोळीचे काडतूस भरले गेले आणि त्याच्या दारूने ती गोळी बाहेर ढकलली. दोन्ही काडतुसे 'खोटी'च होती! नळी डोळ्यांनी पाहण्यास जेमतेम अर्धे मिनिट लागले असते. 2021 मध्ये न्यू मेक्सिको येथे 'रस्ट' चित्रपटाच्या वेळी तर बंदूक निर्धोक असल्याचे जाहीर केले गेले होते. तिच्यातून सुटलेल्या खऱ्या गोळीने छायाचित्रकार हलिना हचिन्स यांचा बळी घेतला.

या घटना दूरदेशीच्या वाटतील. परंतु पडद्यावरील देखाव्यासाठी माणसे कशी प्राणास मुकतात हे म्हैसूरनेही पाहिले आहे. 8 फेब्रुवारी 1989 रोजी तेथील प्रीमिअर स्टुडिओत 'द स्वॉर्ड ऑफ टिपू सुलतान' या दूरदर्शन-मालिकेचे चित्रीकरण चालू असता आग लागली आणि 62 जण मृत्युमुखी पडले. विजेच्या सैल तारा, हवा खेळण्यास अपुरा वाव, भिंतींना लावलेली गोणपाटे आणि अग्निशामक साधनांच्या जागी ठेवलेल्या वाळू व पाण्याच्या बादल्या ही कारणे पुढे सांगितली गेली. ही आग बंदुकीची नव्हे. तथापि बंदिस्त जागेत ज्वाळा फेकणारे शस्त्र उडविण्यापूर्वी तिचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

आता कायद्याकडे वळू. शस्त्र अधिनियम, 1959 च्या सहाव्या कलमानुसार बनावट बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करण्यास परवाना लागतो. धूर व ज्वाळा मिळाव्यात म्हणून बुजविलेली नळी कारागिराकडून पोखरून घेण्यात केवढा धोका आहे, हे यावरून ध्यानी यावे. अल्प भांडवलाच्या निर्मात्याला उसन्या शस्त्राचाही मोह होतो. म्हैसूरच्या शेजारी कोडगू जिल्हा आहे. तेथील कोडव समाजाला व जम्मा जमीनधारकांना ठरावीक बंदुकांपुरती परवान्यातून सूट आहे. पण ही सूट त्या व्यक्तींना आहे, त्यांची बंदूक हाती घेणाऱ्या नटाला नव्हे.

उघड्यावर चित्रीकरण असेल तर प्रतिकृतीसुद्धा पाहणाऱ्याला खरीच वाटते, आणि पोलीस शिपायालाही. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्याला स्थळ, वेळ व प्रतिकृतींची संख्या आगाऊ लेखी कळवावी आणि पत्राची पोच जवळ बाळगावी. श्रीरंगपट्टण म्हैसूरपासून जेमतेम 15 किलोमीटरवर असले तरी ते मंड्या जिल्ह्यात मोडते. म्हैसूरच्या पोलिसांना दिलेले पत्र तेथे उपयोगी पडत नाही. शिवाय दर्या दौलत बागेसारख्या संरक्षित वास्तूत चित्रीकरणास पुरातत्त्व खात्याची वेगळी अनुमती लागते.

वस्तुतः थोड्या पैशांत काम भागविणाऱ्याला बिनगोळीच्या काडतुसांची गरजच उरलेली नाही. दुरून दिसणाऱ्या शिपायांच्या हाती रबरी प्रतिकृती द्याव्यात. नळी बुजविलेली एखादीच धातूची बंदूक नायकासाठी ठेवावी. ज्वाळा संगणकावर आणि आवाज ध्वनिमुद्रणात नंतर भरता येतो. हाताला बसणारा झटका तेवढा नटाने अभिनयाने दाखवावा. तो सहसा कोणाला साधत नाही, हा भाग निराळा. नळी समोरच्या नटाच्या अंगावर न रोखता किंचित बाजूला धरली तरी कॅमेरा योग्य कोनात असल्यास प्रेक्षकाला फरक कळत नाही.

शस्त्रे एकाच माणसाच्या ताब्यात व कुलपात असावीत. त्याने दृश्यापूर्वी प्रत्येक नळी स्वतः पाहावी, नटाला दाखवावी, आणि दृश्य संपताच शस्त्र परत मागून घ्यावे. मग जेवणाची सुटी झालेली असो वा मावळतीचा प्रकाश निसटत असो.