ऐच्छिक विषय : यंत्र अभियांत्रिकी

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला बसणाऱ्या अभियांत्रिकीच्या पदवीधरापुढे आरंभीच एक प्रश्न उभा राहतो. चार वर्षे ज्या विषयाचा अभ्यास केला तोच ऐच्छिक म्हणून घ्यावा, की तो बाजूला सारून समाजशास्त्र किंवा भूगोल यांसारखा विषय नव्याने हाती धरावा? कोणत्या विषयात गुण अधिक मिळतात, एवढ्या एकाच अंगाने या प्रश्नाचा बहुधा विचार केला जातो. तो अपुरा होय. विषयाचे स्वरूप आणि त्याला लागणारी मनाची शिस्त ओळखल्याशिवाय ही निवड नीट करता येत नाही.

ऐच्छिक विषयाचे परीक्षेतील स्थान आजवर बदलत आले आहे. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर, १९७९ मध्ये, पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशी तीन टप्प्यांची रचना अमलात आली. तीत पूर्वपरीक्षेला एक आणि मुख्य परीक्षेला दोन ऐच्छिक विषय असत. २०११ मध्ये पूर्वपरीक्षेतील ऐच्छिक विषय गेला व २०१३ पासून मुख्य परीक्षेतही एकच उरला. २०१२ साली मुख्य परीक्षेच्या २,००० लेखी गुणांपैकी १,२०० गुण ऐच्छिक विषयांचे होते. २०१३ पासून १,७५० पैकी ५०० आहेत. म्हणजे हा वाटा ६० टक्क्यांवरून सुमारे २९ टक्क्यांवर आला. सामान्य अध्ययनाच्या चार प्रश्नपत्रिकांना आता अधिक वेळ द्यावा लागतो. इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र या विषयांचा त्या प्रश्नपत्रिकांना उपयोग होतो, तसा यंत्र अभियांत्रिकीचा फारसा होत नाही. ही या निवडीची किंमत आहे आणि ती आधीच हिशेबात धरली पाहिजे.

या विषयाच्या दोन प्रश्नपत्रिका असून प्रत्येकीला २५० गुण व तीन तासांचा अवधी असतो. पहिलीत यामिकी, अभियांत्रिकी पदार्थ, यंत्रांचा सिद्धांत आणि उत्पादनविज्ञान ही प्रकरणे येतात. दुसरीत ऊष्मागतिकी, वायुगतिकी व टरबाइन, उष्णतेचे संक्रमण, अंतर्ज्वलन एंजिने, बाष्प अभियांत्रिकी आणि प्रशीतन व वातानुकूलन यांचा समावेश होतो. पातळी पदवी परीक्षेची असते. एकूण आठ प्रश्नांपैकी पाच सोडवावयाचे असून पहिला व पाचवा प्रश्न अनिवार्य असतात. त्यामुळे निम्मा अभ्यासक्रम सोडून देण्याची युक्ती येथे चालत नाही.

या विषयाचे उत्तर बव्हंशी निश्चित असते, आणि त्याचे आकर्षण व धोका ही दोन्ही याच गुणात आहेत. एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एक एंजिन ३२७ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्रोतापासून १,००० किलोज्यूल उष्णता घेते, ६०० किलोज्यूल कार्य करते आणि उरलेली ४०० किलोज्यूल उष्णता २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या परिसराला देते, असा दावा करण्यात आला आहे. हा दावा तपासावयाचा आहे.

ऊष्मागतिकीच्या पहिल्या नियमानुसार जमाखर्च जुळतो. ६०० आणि ४०० मिळून १,००० होतात. एंजिनाची कार्यक्षमता ६० टक्के ठरते. आता फ्रेंच अभियंता साडी कार्नो याने १८२४ मध्ये मांडलेल्या विचारातून निघालेली मर्यादा पाहू. खालच्या तापमानाला वरच्या तापमानाने भागून येणारी संख्या एकातून वजा केली की कमाल कार्यक्षमता मिळते. घाईत सेल्सिअसचेच आकडे घातले, तर ही मर्यादा सुमारे ९२ टक्के येते आणि दावा अगदी माफक वाटू लागतो. परंतु येथे तापमान केल्व्हिनमध्येच घ्यावयास हवे. मग ३०० भागिले ६०० म्हणजे अर्धा, आणि मर्यादा ५० टक्के. दावा अशक्य ठरतो. एंट्रॉपीच्या हिशेबानेही हेच सिद्ध होते. स्रोताची एंट्रॉपी प्रति केल्व्हिन १.६७ किलोज्यूलने घटते, परिसराची मात्र १.३३ नेच वाढते. एकूण एंट्रॉपी कमी झाली, आणि हे दुसऱ्या नियमाला मान्य नाही.

एका चुकीच्या एककाने येथे खोट्याचे खरे झाले असते. म्हणून उत्तर लिहिताना दिलेली माहिती, गृहीतके, वापरलेला नियम, आकडेमोड आणि निष्कर्ष ही पायरी पायरीने मांडावीत. आवश्यक तेथे आकृती काढावी. उत्तर आल्यावर ते शक्यतेच्या कोटीतील आहे काय, हेही पाहावे. केवळ सूत्रे पाठ करणाऱ्यास हा विषय साथ देत नाही.

भाषेचाही विचार आवश्यक आहे. प्रश्नपत्रिका हिंदी व इंग्रजीत असते. उत्तरे मात्र राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत, म्हणजे मराठीतही, लिहिता येतात. पारिभाषिक संज्ञेचा इंग्रजी पर्याय कंसात देण्याची मुभा आहे. परंतु पदवीचा अभ्यास इंग्रजीतून झालेल्या उमेदवाराने मराठी माध्यम घ्यावयाचे ठरविल्यास परिभाषेचा सराव आरंभापासूनच करावा.

अभियांत्रिकी सेवांसाठी आयोगाची वेगळी परीक्षा आहे. नागरी सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्याला बाष्पित्राचा आराखडा क्वचितच करावा लागेल. परंतु जमाखर्च जुळणारे आणि तरीही अशक्य असलेले दावे त्याच्या मेजावर वारंवार येतील. ते ओळखण्याची सवय ज्याला या विषयाने लावली आहे, त्याने तो केवळ लोकप्रिय नाही म्हणून सोडू नये. आणि ज्याने पदवीपुरताच तो कसाबसा पार पाडला, त्याने केवळ पदवी आहे म्हणून तो घेऊ नये. मागील एखाद्या वर्षाची प्रश्नपत्रिका घेऊन, घड्याळ समोर ठेवून, तीन तास प्रामाणिकपणे सोडवून पाहावी. आपण कोणत्या वर्गात मोडतो, हे त्यातून उमेदवाराला स्वतःच कळून येईल.