शब्द पाठ होते, कागद वाचता येत नव्हता

बँकेच्या परीक्षेसाठी आम्हाला एका क्लासने शब्दांची छापील यादी दिली होती. एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी अर्थ. दारव्ह्याहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत बसलो की आम्ही ती घोकत असू. 'अडॅप्ट', 'अडॉप्ट' असे सारखे दिसणारे शब्द एकापाठोपाठ पाठ केले की डोक्यात त्यांची गल्लत व्हायची.

त्याच काळात बाबांच्या पीककर्जाचा उतारा घरी आला. त्यावर 'प्रिन्सिपल' आणि 'इंटरेस्ट' असे दोन रकाने होते. यादीप्रमाणे एकाचा अर्थ मुख्याध्यापक, दुसऱ्याचा आवड. मुद्दल आणि व्याज तिथे कुठेच नव्हते. बाबा समोर बसून विचारत होते आणि मला सांगता येईना.

म्हणून परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींना माझे सांगणे आहे, की घरात येणाऱ्या कागदांपासून सुरुवात करा. पासबुक, विजेचे बिल, पीकविम्याची पावती, बियाण्याची पिशवी, फवारणीच्या औषधाची बाटली. 2017 च्या फवारणीच्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. उंच वाढलेली पराटी, औषधांची मिश्रणे, अंगावर संरक्षक कपडे नसणे अशी त्याची कारणे सांगितली गेली. इंग्रजी न आल्याने माणसे गेली असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय ठरेल. पण बाटलीवरचे 'पॉयझन', 'इनहेल', 'डायल्यूट', 'अँटिडोट' घरातल्या शिकलेल्या पोराने फवारणीआधी वाचून समजावलेच पाहिजेत. लेबलवरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा. त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक, असे मात्र समजू नका.

नेमके कोणते शब्द आधी शिकावेत, याचा विचार मायकेल वेस्ट या शिक्षकाने केला होता. त्याने बंगालमध्ये अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. 1953 साली निघालेल्या त्याच्या यादीत सुमारे 2000 शब्द आहेत आणि शब्दाचा कोणता अर्थ किती प्रमाणात वापरला जातो, तेही त्यात दिले आहे. एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणाऱ्या याद्यांत नेमके हेच नसते.

वहीत सुटा शब्द लिहू नका, तो ज्या वाक्यात भेटला ते पूर्ण वाक्य उतरवा. खाली कागदाचे नाव टाका. 'अप्लाय' विम्याच्या फॉर्मवर आला तर अर्ज करणे, बाटलीवर आला तर पिकावर वापरणे. दोन्ही वाक्ये वेगवेगळ्या पानांवर राहू द्या. दुसऱ्या दिवशी मराठी अर्थ हाताने झाकून वाक्य मोठ्याने वाचा, मग आठवड्याने, मग महिन्याने. अडलेला शब्द शब्दकोशात पाहताना पहिल्या अर्थावर थांबू नका, खालचेही वाचा. आणि रोज थोडेच शब्द घ्या. परीक्षेची यादी लागेलच, ती या वहीनंतर हातात घ्या.