सामाईक भाजीबागेची व्यवस्था

दहापाच कुटुंबांनी मिळून एका विहिरीवर भाजीची बाग करावी, ही कल्पना सर्वांस आवडते. परंतु पुष्कळदा अशी बाग दुसऱ्या वर्षीच मोडते. जमीन वाईट म्हणून नव्हे, तर पाणी, तण व रोग ह्यांविषयी कोणी काही ठरविलेले नसते म्हणून. पाटाच्या शेवटी ज्याचा वाफा, त्याची वांगी प्रथम सुकतात. आणि बाग सोडून जाणाराही प्रथम तोच असतो.

वाटणी : इंग्लंडात अशा बागांना जमीन देण्याची जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकिली. तेथील रूढ तुकडा एकराचा सोळावा हिस्सा, म्हणजे आपल्या मापाने अडीच गुंठे असतो. हे माप आपणांसही सोयीचे आहे. मात्र तुकडा एकाच ठिकाणी देऊ नये. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम आदि नद्यांवर पूर्वापार चालत आलेल्या फडपद्धतीत भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडीत व एका फडात एकच पीक घेत. शेतकऱ्याची जमीन बहुधा निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. त्यामुळे पाणी कमी पडल्यास थोडेच फड भिजवीत व तुटीचा भार सर्वांवर सारखा पडे. हाच न्याय बागेस लावावा : बागेचे चार भाग करून प्रत्येकास प्रत्येक भागात एक पट्टी द्यावी.

पाणी : फडांवर पाणी देण्याचे काम पाटकऱ्याकडे असे, ज्याने त्याने बारे फोडावयाचे नसे. बागेतही पाणी सोडणारा एकच असावा. पाळी शेपटाकडून मुखाकडे यावी, म्हणजे शेवटच्या वाफ्यास उरलेसुरले पाणी घ्यावे लागत नाही.

फेरपालट : वांगी, टोमॅटो, मिरची व बटाटा ही एकाच कुळातील पिके होत. ती त्याच भागात पाठोपाठ घेतल्यास मर रोग जमिनीत टिकून राहतो. म्हणून एका भागात ही पिके, दुसऱ्यात घेवडा-चवळी, तिसऱ्यात कांदा-लसूण व चौथ्यात पालेभाज्या लावून दर हंगामास भाग बदलावेत.

तण व रोग : येथे 'माझा वाफा, माझी मर्जी' हे चालत नाही. भेंडीवरील केवडा पांढरी माशी पसरविते, आणि माशीस बांध दिसत नाही. केवड्याचे झाड दिसताच उपटून काढावे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वीच काढावे. एकाने आळस केला तर बी साऱ्या बागेत जाते. पंधरा दिवसांतून एक सकाळ सर्वांनी मिळून बांध व पाट साफ करावेत. रोगट झाडे वगळून उरलेला पालापाचोळा सामाईक खड्ड्यात घालून, ओलावा राखून मधून मधून परतावा.

नियम : नियम थोडे असावेत व पहिले बी पडण्यापूर्वी सर्वांसमक्ष लिहून सह्या घ्याव्यात. वाफा पडीक पडल्यास प्रथम विचारपूस करावी. घरी आजारपण असेल तर शेजाऱ्यांनी तो सांभाळावा. कारण नसता दोन पाळ्या चुकल्यास मात्र तो दुसऱ्यास द्यावा. भांडण झाल्यावर केलेला नियम शिक्षा वाटतो. आधी केलेला नियम करार होतो. शेवटच्या वाफ्यातील वांगी हिरवी आहेत की नाहीत, हीच व्यवस्थेची परीक्षा होय.