डिझेल फिल्टर घरी बदलायचा? आधी हिशेब मांडा

गाडीचा डिझेल फिल्टर घरीच बदलून तीनशे रुपये वाचवावेत म्हणून एका रविवारी सकाळी मी बोनेट उघडलं. साडेअकराला नवा फिल्टर बसलाही. दीड वाजेपर्यंत सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली होती, गाडी जागची हलत नव्हती आणि ज्याची मजुरी वाचवायला निघालो होतो त्याच मेकॅनिकला मी फोन करत होतो. रविवारी घरी येण्याचे त्याने पाचशे घेतले. चूक काय झाली ते पुढे सांगतो, आधी पैशांचं बोलू.

फिल्टर घरी बदलावा का, हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणांना पडतो, कारण डिझेल गाड्या जुन्या होत चालल्या आहेत. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुन्टो या सगळ्यांत एकच १.३ लिटरचं मल्टीजेट इंजिन असायचं; त्याला गमतीनं राष्ट्रीय इंजिन म्हणत. २०२० साली बीएस-६ आलं आणि भारतात त्याची सद्दी संपली. म्हणजे अशा गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपली आहे आणि मालकाला गॅरेजचं बिल वाचायची सवय लागली आहे. तुमची गाडी अजून वॉरंटीत असेल तर हा लेख इथेच सोडा आणि सर्व्हिस सेंटरला जा.

साध्या कारच्या फिल्टरला नामांकित कंपनीचा माल घेतला तर साधारण सातशे ते पंधराशे रुपये पडतात. गाडीच्या कंपनीच्या शिक्क्याचा किंवा पाण्याचा सेन्सर, हीटर असं सगळं अंगावर असलेला डबा घेतला तर दोन-अडीच हजारांपर्यंत जातं, मोठ्या एसयूव्हीला त्याहूनही जास्त. नाक्यावरचं गॅरेज दोनशे ते चारशे मजुरी घेतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चारशे ते आठशे, वर १८ टक्के जीएसटी. आकडे ढोबळ आहेत. गाव आणि गाडी बदलली की बदलतील.

समजा फिल्टर बाराशेचा आहे. सर्व्हिस सेंटरची मजुरी पाचशे धरली तर जीएसटीचे नव्वद मिळवून १,७९० झाले. नाक्यावर मजुरी तीनशे, म्हणजे १,५००. घरी मजुरी शून्य; पण फिल्टर फिरवून काढायचा पट्टा-पाना, हातमोजे, पसरट भांडं, चिंध्या यांचे पहिल्या वेळी साडेचारशे धरा. झाले १,६५०. म्हणजे पहिल्या खेपेला तुम्ही नाक्यावरच्या मेकॅनिकपेक्षा महाग पडता! फिल्टर बदलायचा असतो गाडीनुसार साधारण वीस ते चाळीस हजार किलोमीटरला (नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच खरा). वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवणाऱ्याला पट्टा-पान्याचे पैसे वसूल व्हायला कमीत कमी दोन वर्षं लागतील. तेव्हा पैशासाठी हे काम करू नका. कोणता फिल्टर बसला, बसवताना हात स्वच्छ होते का, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर जरूर करा.

हात स्वच्छ असण्याचं एवढं काय? कॉमन रेल इंजिनात डिझेल सुमारे १,६०० बारच्या दाबानं इंजेक्टरपर्यंत जातं. तुमच्या टायरमधली हवा दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज करा. इंजेक्टरच्या तोंडाची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी. त्यातून वाळूचा न दिसणारा कण गेला की आतला घासून चोख केलेला धातू खरवडला जातो, आणि पाणी गेलं तर गंज. शिवाय हाय-प्रेशर पंपाला वंगण म्हणून वेगळं ऑइल नसतं, डिझेलच त्याचं वंगण. एक नवा इंजेक्टर बहुतेक गाड्यांत पाच आकडी रक्कम खातो, आणि असे चार असतात. म्हणून दोनशे-अडीचशे रुपयांत मिळणाऱ्या डुप्लिकेट फिल्टरच्या वाटेला जाऊ नका. पुण्यात नाना पेठेत गेलात की एकाच गाडीचे चार भावांचे फिल्टर समोर ठेवतात. जुन्या फिल्टरवरचा पार्ट नंबर मोबाइलमध्ये टिपून न्या, पक्कं बिल मागा आणि बिल द्यायला कुरकुर करणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

आता काम. आधी फिल्टर सापडतो का बघा. काही गाड्यांत तो बोनेटखाली हाताशी असतो, काहींत गाडीच्या पोटाखाली. पोटाखाली असेल तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. ते काम गॅरेजचं.

दुसरी गोष्ट, फिल्टर बदलताना आत शिरलेली हवा काढायची सोय. जुन्या दणकट गाड्यांत फिल्टरच्या डोक्यावर किंवा पाइपात हातानं दाबायचा छोटा पंप असतो. टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या गाड्यांत किल्ली फक्त ‘ऑन’ करून थोडं थांबायचं, बंद करायचं, असं पाच-सहा वेळा केलं की डिझेल भरतं. काही नव्या गाड्यांना मात्र संगणक जोडून पंप चालवावा लागतो. पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेल तर हट्ट नको.

इंजिन पूर्ण गार झालेलं हवं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही हे खरं, पण आपल्याकडच्या मानकाप्रमाणे डिझेलची वाफ पेट घेण्याचा किमान बिंदू ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे सावलीतसुद्धा पारा त्याच्या वर असतो. तेव्हा सकाळी लवकर, मोकळ्या जागेत, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून. विडी-काडी लांब. खाली पसरट भांडं आणि जुनी वर्तमानपत्रं ठेवा, कारण डिझेल डांबर विरघळवतं आणि सोसायटीच्या सचिवांचा त्यावर बारीक डोळा असतो. इंजिनाचा पट्टा जवळ असेल तर तो प्लॅस्टिकनं झाका, डिझेल रबर खराब करतं.

फिल्टरच्या आजूबाजूची धूळ आधी पुसा, मग पाइप काढा. कुठला पाइप कुठे होता याचा फोटो घ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपा जुन्या झालेल्या असतात. ओढून काढल्या तर मोडतात, दाबून सोडवायच्या. नवा फिल्टर पाकिटातून अगदी शेवटच्या क्षणी काढा.

इथेच माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली. जुना फिल्टर निघाला, पण त्याची रबरी ओ-रिंग वरच्या डोक्याला चिकटून राहिली. काळ्यावर काळी, दिसली नाही. तिच्यावर मी नव्या रिंगेसकट नवा फिल्टर आवळला. बाहेर एक थेंबही गळत नव्हता, म्हणून मी निर्धास्त. पण ज्या गाडीत टाकीत पंप नसतो तिथे इंजिनाचा पंप फिल्टरमधून डिझेल शोषून घेतो. तिथे सांध्याला फट राहिली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मेकॅनिकच्या भाषेत गाडीनं एअर धरली. त्यानं फिल्टर सोडला, नखानं जुनी रिंग काढून माझ्या हातावर ठेवली, पुन्हा आवळला, हातपंप दाबून हवा काढली आणि दुसऱ्या बॅटरीवर गाडी चालू केली. पंधरा मिनिटं.

तेव्हा जुनी रिंग निघाली का ते बोटानं चाचपा. नव्या रिंगेला स्वच्छ डिझेलचं बोट लावा. हातानं फिरवायचा फिल्टर असेल तर रिंग टेकल्यावर डब्यावर छापलं असेल तेवढाच फिरवा, पान्यानं जोर लावू नका. नवा फिल्टर आधी डिझेलनं भरून बसवायची काहींची सवय असते, ती टाळा: मधल्या भोकातून ओतलेलं डिझेल न गाळताच थेट पंपाकडे जातं.

हवा निघाल्याशिवाय सेल्फ मारू नका, आणि मारलात तर दहा सेकंदांवर नको. मध्ये बॅटरीला दम खाऊ द्या. मॅटाडोर-ट्रॅक्टरवर हात बसलेले जुने मेकॅनिक इंजेक्टरचा नट ढिला करून हवा काढतात. कॉमन रेल गाडीत हे कोणालाही करू देऊ नका. त्या दाबाची धार कातडीतून आत शिरते, आणि तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट रुग्णालय गाठावं लागतं.

गाडी चालू झाली की पाच-दहा मिनिटं जागेवर चालवा, सांध्यांवर कोरडा कागद फिरवून गळती बघा, मग घराजवळ एक चक्कर. त्याच दुपारी ताम्हिणीचा बेत आखू नका.

एवढं सगळं झेपणार नसेल तरी एक काम घरी करण्याजोगं आहे, आणि ते फुकट आहे: पाणी काढणं. बऱ्याच फिल्टरच्या तळाला एक स्क्रू असतो. पाणी डिझेलपेक्षा जड, ते खाली बसतं. पावसाळ्यानंतर, किंवा डॅशबोर्डवर फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला की, खाली काचेची बाटली धरून स्क्रू थोडा ढिला करायचा आणि नितळ डिझेल येऊ लागलं की आवळायचा. त्यानंतर हवा काढायला लागेल का, हे पुस्तिकेत पाहून घ्या. बाटलीत पाणी वारंवार दिसलं तर पेट्रोल पंप बदला. डिझेल भरल्याची पावती दरवेळी ठेवत जा. तक्रार करायची वेळ आली तर तिच्याशिवाय कोणी दाद देत नाही.

सांडलेलं डिझेल गटारात सोडू नका. जुन्या फिल्टरसकट ते गॅरेजवाल्याच्या जळक्या ऑइलच्या पिंपाकडे न्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. आणि नव्या फिल्टरवर तारीख आणि किलोमीटर मार्करनं लिहून ठेवा. आमच्या फिल्टरवर आता मेकॅनिकच्या अक्षरात लिहिलेलं आहे.